एलिक पर्डीची जागा

खडू हातात धरून एलिक पर्डी फळ्यासमोर उभा होता. फळ्यावर मैदान आखलेलं, मैदानात अकरा रिकामी वर्तुळं, आणि त्यातल्या एकातही त्याला आपलं नाव लिहिता येत नव्हतं.

“लिही की,” मागून बॉब टलॉक म्हणाला. क्लबचा हा मॅनेजर सत्तरीला टेकला होता आणि अजूनही प्रत्येक सामन्याला टाय बांधून यायचा. “आधी तुझी जागा ठरू दे. बाकीचे दहा मी कुठेही कोंबतो.”

“तुम्हीच सांगा, बॉस.”

“अठरा वर्षं मीच सांगतोय. आज नाही सांगणार.”

बाकावर बूट बांधत बसलेल्या डॉड स्मीटनने मान वर केली. “अरे, रेफरी हो. तेवढंच राहिलंय तुझं.”

खोलीत हशा पिकला. एलिकही हसला, पण खडू जागचा हलला नाही.

डॉड म्हणाला ते फारसं खोटं नव्हतं. कारबँक रोव्हर्सकडे एलिक आला तो एकोणीस वर्षांचा, बचावफळीच्या मधोमध खेळणारा, पाच नंबरची जर्सी घालणारा उंचापुरा पोरगा म्हणून. पुढे कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला कावीळ झाली, कुणाचं लग्न ऐन सामन्याच्या दिवशी निघालं, आणि दर वेळी बॉबने खोलीभर नजर फिरवून एलिकवर आणून थांबवली. उजवीकडे, डावीकडे, मध्यभागी, पुढे. एका हंगामात तर गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं. आज त्याच्या निरोपाचा सामना, आणि सकाळपासून गावात वाद चालला होता की एलिक खरा कोणत्या जागेवरचा. मासळीवाल्या गिबच्या मते डाव्या विंगेचा. पोस्टमन शपथेवर सांगत होता की उजवा बॅक, यासारखा उजवा बॅक या किनाऱ्यावर झाला नाही. सकाळी पाव आणायला गेलेल्या एलिकला घरी यायला तास लागला. रस्त्यात जो तो हात हातात घेत होता, आणि ज्याला त्याला वेगळाच एलिक आठवत होता.

“पाव गार झाला,” इशबेल, त्याची बायको, म्हणाली होती. पण तिचे डोळे हसत होते.

आता फळ्यासमोर त्याला वाटलं, एवढ्या माणसांच्या आठवणीत आपण एवढ्या जागी उभे आहोत, त्यातली एक निवडायची म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणायचं.

दारातून मिसेस कॉवीने डोकं आत घातलं. गेली तीस वर्षं मैदानावरचा चहा आणि खिम्याची पाई तिच्याच हातची.

“एलिक, मागच्या दाराशी कुणी आलंय. आत ये म्हटलं तर येत नाही. वॉटी गेडेससारखा दिसतोय बाई.”

बॉबने आणि एलिकने एकमेकांकडे बघितलं. एलिकने खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि तो मागच्या बाजूला गेला.

वॉटीच होता. गवतावर फिरवायच्या लोखंडी रोलरशेजारी, चर्चला घालायचा काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन उभा. एके काळी रोव्हर्सचा गोलकीपर. क्लब सोडल्यापासून तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, मैदानापासून मैलभरावर. पण चौदा वर्षांत त्याने मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, आणि समोरून एलिक दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. निरोपाच्या सामन्याचं आमंत्रण एलिकने सगळ्या जुन्यांना धाडलं होतं. वॉटीचं उत्तर आलं नव्हतं.

“खेळायला नाही आलो,” वॉटी म्हणाला. “एक सांगायचंय. सांगतो आणि जातो.”

“आत चल ना. चहा घे.”

“आत गेलो तर सांगणं व्हायचं नाही.” त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. “एकोणसत्तरच्या फेब्रुवारीतली मॅच. ऑखमोरविरुद्धची. इंग्लंडहून ते गृहस्थ तुला बघायला आले होते, ती.”

“आठवते.”

न आठवायला काय झालं. वरच्या बाकांवर तपकिरी ओव्हरकोट घातलेला तो माणूस, मांडीवर वही. मोठा क्लब होता. बॉबने सकाळीच कानात सांगितलं होतं, आजचा दिवस नीट खेळ, पुढल्या महिन्यात तू इथे नसशील. आणि एलिक खेळतही होता. हवेतला एकेक बॉल त्याने डोक्याने परतवला. पण पाठीमागे वॉटीचा तो दिवसच वाईट होता. अर्ध्या तासात तीन गोल, त्यातला एक तर हातातून निसटून. बाजूचे लोक त्याला नाही नाही ते बोलत होते. दुसरा हाफ सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, एका गर्दीत वॉटी पडला आणि हात पोटाशी धरून उठला. बोट मोडलं म्हणाला. राखीव गोलकीपर बाळगायची तेव्हा ऐपतही नव्हती, पद्धतही नव्हती. बॉबची नजर फिरली आणि थांबली. पाच नंबरचा एलिक हातमोजे घालून गोलात जाऊन उभा राहिला. तपकिरी ओव्हरकोटवाल्याने दहाएक मिनिटं वाट बघितली, मग वही मिटून खिशात घातली.

“बोट मोडलं नव्हतं,” वॉटी म्हणाला.

एलिकची नजर त्याच्या हातांवर गेली.

“मुका मार होता नुसता. खेळता आलं असतं. पण मी घाबरलो रे. चौथा गोल खायची माझी छाती नव्हती. तू कुणासाठी खेळतोयस हे मला ठाऊक होतं. तरीसुद्धा गेलो.” एवढं बोलून त्याला धाप लागली होती. “माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आज तुझं सगळं संपतंय. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.”

मैदानाच्या पलीकडून बँडचे लोक वाद्यं जुळवत असल्याचा आवाज येत होता. एलिक रोलरच्या दांड्यावर टेकला. त्याचा उजवा गुडघा फार वेळ उभं राहू देत नसे.

“वॉटी, तुझे हातमोजे मीच काढले होते त्या दिवशी.”

वॉटीने वर बघितलं.

“एकेक बोट धरून ओढून काढले. बोट मोडलं असतं तर तू मला ओढू दिलं असतंस का?”

“म्हणजे तुला...”

“तेव्हाच कळलं.”

“आणि चौदा वर्षं गप्प बसलास?”

“पहिला हिवाळा गप्प नव्हतो. घरी इशबेलपुढे तुला मनसोक्त शिव्या घातल्या. तिला विचार. शेवटी तिनेच तंबी दिली, आता पुन्हा त्या माणसाचं नाव काढलंस तर जेवण त्याच्याकडेच जाऊन मागायचं.”

वॉटीला हसू आलं नाही. त्याचा चेहरा आणखीच उतरला.

“थांब, पूर्ण ऐक,” एलिक म्हणाला. “त्या दिवशी ऑखमोरचाही पाच नंबर चांगला खेळला. त्या गृहस्थांनी त्याला उचललं. बरा पोरगा होता. दोन हंगामांत त्याचा गुडघा गेला आणि घरी आला. मधोमध उभं राहून उड्या मारण्यापलीकडे त्याला काही करताच येईना. चौऱ्याहत्तरमध्ये माझाही गेला, हाच गुडघा. डॉक्टर म्हणाले, चाल, धाव, पण उंच उडी विसर. म्हणजे पाच नंबर संपला. अठ्ठावीस वर्षांचा होतो मी, मुलगी पाळण्यात.”

“हो, ऐकलं होतं.”

“इस्पितळात पडल्या पडल्या मला काय आठवत होतं माहितेय? ते गोलात उभं राहणं. तुझे ओले हातमोजे घालून त्या दोन खांबांमध्ये उभा राहिलो तेव्हा मीसुद्धा घाबरलो होतो. मी कधी बॉल हातात धरला नव्हता. दोन गोल खाल्लेच. पण मॅच संपली आणि मी जिवंत होतो. मग मनाशी म्हटलं, तिथे उभा राहू शकलो तर बाजूला बॅक म्हणून का नाही? पुढे का नाही? बॉसला जाऊन सांगितलं, कुठेही ठेवा. आणि ते ठेवत गेले. त्यानंतरची नऊ वर्षं मी खेळलो, वॉटी. नऊ वर्षं. दर शनिवारी.” त्याने गुडघा चोळला. “त्या नऊ वर्षांचे आभार मानायचे तर तुझेही मानावे लागतात. मी दोनदा तुझ्या कारखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो. तुला काय वाटेल म्हणून परत फिरलो.”

वॉटी टोपीच्या कडेवर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी आभाराचं काम नव्हतं केलं.”

“नव्हतंच केलंस. मी कुठे म्हणतोय?”

आतून बॉबची हाक आली. एलिक रोलरला रेटा देऊन उभा राहिला.

“चल आत. जर्सी देतो.”

“वेडा झालास? चव्वेचाळीस वर्षांचा आहे मी. दिवसभर बर्फ उचलून बोटं अशी झालीत बघ, वाकत नाहीत.”

“आज समोर ऑखमोरचेच जुने आहेत, त्यांनाही पोटं सुटली आहेत. चल.”

खोलीत वॉटी शिरला तशा सगळ्या माना वळल्या. मग डॉडने सरकून बाकावर जागा केली आणि वॉटीचा काळा कोट बघून म्हणाला, “दफन कुणाचं आहे? आमचंच का?” वॉटीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू उमटलं. बॉबने काही न विचारता कपाटातून हातमोजे काढून त्याच्या मांडीवर टाकले.

एलिकने खडू घेतला. गोलाच्या वर्तुळात त्याने वॉटीचं नाव लिहिलं आणि त्याच्या अगदी पुढच्या, मधल्या वर्तुळात स्वतःचं.

“पाच नंबर?” बॉब हळूच म्हणाला. “गुडघ्याचं काय?”

“आजच्यापुरता धकेल.”

गाव लोटलं होतं. गिब आणि पोस्टमन शेजारी शेजारी उभे राहून दोघेही चुकले म्हणून एकमेकांना दोष देत होते. मुलीला घेऊन इशबेल पुढच्या कठड्यापाशी होती. गोलात कोण उभा राहतोय हे तिने बघितलं, मग एलिककडे बघितलं, आणि गळ्यातला रुमाल नीट करत बसली.

ऑखमोरने विसाव्या मिनिटाला पहिला गोल केला, आणि पाठोपाठ दुसरा, तो तर वॉटीच्या दोन पायांमधून. लोक हसले. त्या हसण्यात वैर नव्हतं, पण वॉटीच्या कानांपर्यंत नुसतं हसणंच पोचलं असावं. मागे वळून पाहिलं तेव्हा एलिकला तो खांबाला टेकलेला दिसला, डाव्या हाताने उजव्या हातमोज्याची बोटं एकेक करून ओढत.

एलिक चालत त्याच्यापाशी गेला.

“हात दुखतोय?”

वॉटीने बाहेरच्या राखीव बाकाकडे बघितलं. मग एलिकच्या चेहऱ्याकडे. एलिक वाट बघत उभा राहिला. उत्तर काय यावं याबद्दल त्याने चेहऱ्यावर काहीच येऊ दिलं नाही.

“नाही,” वॉटी म्हणाला. त्याने हातमोजा पुन्हा मनगटापर्यंत चढवला. “नाही दुखत.”

“बरं.”

दुसऱ्या हाफमध्ये डॉडने एक गोल फेडला, आणि मग बॉबच्या हट्टावरून मिळालेल्या पेनल्टीवर एलिकने दुसरा. दोन-दोन. शेवटची मिनिटं उरली होती. ऑखमोरचा टकला विंगर कडेने सुटला आणि मान वर करून त्याने बॉल गोलासमोर टाकला. बॉल फार उंच नव्हता. एलिकच्या डोक्याच्याच उंचीने सरळ येत होता, उडी न मारताही परतवता आला असता. असे हजारो त्याने परतवले होते. पाठीमागे वॉटीची पावलं वाजली. तो गोल सोडून पुढे निघाला होता, अडखळत, पण निघाला होता.

“तुझा, वॉटी,” एलिक म्हणाला आणि मान खाली घेऊन बाजूला झाला.

बॉल त्याच्या केसांना वारा लावून गेला. मागे काय झालं ते बघायला तो थांबला नाही. दुखऱ्या गुडघ्याने जमेल तेवढ्या वेगाने तो पुढे, मोकळ्या जागेकडे धावत सुटला. बॉल हातात आला की गोलकीपर मान वर करतो, तेव्हा बॉल द्यायला त्याला समोर कुणीतरी दिसावं लागतं.