वाळ्याचा पडदा

हिमांशूनं नव्या कॉम्प्युटरची काचेची पेटी कौतुकानं दाखवली. "बाबा, आत पाणी फिरतं. कितीही राबवा, तापायचं नाव नाही!"

"आणि पाणी रोज घालायचं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"छे! एकदा भरलं की झालं."

लक्ष्मणरावांना चिकलठाण्याचं पत्र्याचं घर आठवलं. टीव्हीला जोडलेला त्यांचा पहिला कॉम्प्युटर दुष्काळातल्या उन्हाळ्यात तापून बंद पडायचा, अन् दिवसभर टाइप केलेलं सगळं मातीमोल व्हायचं. म्हणून सरोजिनी खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर टँकरच्या पाण्यातला स्वतःच्या अंघोळीचा वाटा शिंपडायची.

भिंतीवरच्या तिच्या हार घातलेल्या फोटोकडं पाहत ते म्हणाले, "तुझी आई म्हणायची, आधी ह्याला गार करू, माझे केस पाऊस पडला की धुईन."

"मग?"

"मग काय? त्या साली पाऊस पडलाच कुठं?"