स्वामींच्या पिवळ्या फडक्याखाली

येलवालच्या गॅरेजसमोर बाइक थांबवून माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होती. स्वामींनी एका बंद गाडीच्या इंजिनावर पिवळं फडकं पसरलं, त्याखाली लिंबू फिरवलं, आणि चावी लावताच गाडी सुरू झाली. लोकांनी हात जोडले. त्यासाठी गाडीच्या मालकाने आपल्या विधवा बहिणीला घराबाहेर काढायचं सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

पुढची गाडी सरस्वतीपुरमच्या माझ्या शेजारीणबाईंची, जानकीबाईंची होती. इंजिनाचं काम करून घेतल्यापासून ती सुरूच होत नव्हती. आपलं काम चोख आहे, हा प्रकार निराळा आहे, असं सांगून गॅरेजवाल्या रक्षितनेच त्यांना स्वामींचं नाव सुचवलं होतं. मुलगा आणि सून बरोबर होतेच, तरी सोबत हवी म्हणून जानकीबाईंनी मलाही आणलं.

स्वामींनी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले.

"पेट्रोल सगळेच घालतात. पुण्य कोण घालतं?" ते म्हणाले. मग त्यांनी जानकीबाईंच्या गरोदर सुनेकडे, विद्याश्रीकडे, बोट केलं. "हिच्या पोटातल्या जीवाने गाडी अडवली आहे. हिला माहेरी धाडा. आम्ही सांगेपर्यंत हिने तुमचा उंबरा ओलांडायचा नाही."

मला शिसारी आली. तिचा नवरा हर्ष बुटांकडे बघत म्हणाला, की संध्याकाळच्या बसला बसवून देतो. त्याची तर मला जास्तच शिसारी आली. ही शुद्ध थापेबाजी आहे, असं मी जानकीबाईंना बजावलं.

"तुम्ही गप्प ऱ्हावा. आत्ताच डोळ्यांनी बघितलं नव्हं, नोडि, बघा की," त्या म्हणाल्या.

विद्याश्रीने एकदा स्वतः चावी लावून बघू द्या, एवढंच मागितलं. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात ती गाड्यांचे विजेचे भाग तपासायची; दिवस राहिल्यावर सासूबाईंनी नोकरी सोडायला लावली होती. तिने चावी अर्धीच फिरवली आणि कान देऊन बसली. मग पूर्ण फिरवली. इंजिन नुसतंच घुमलं, पेट घेईना. ती उतरून बॉनेटपाशी आली, तसा रक्षित लगबगीने आडवा आला. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

तिने फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं. एक खाच रिकामी होती.

"चावी फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची घरघर ऐकू येते. ती येत नाही," ती म्हणाली. "त्याला वीज देणारा रिले इथून काढलाय."

हॉर्नचा रिले तस्साच असतो. तो उपटून तिने रिकाम्या खाचेत बसवला आणि हर्षला चावी फिरवायला सांगितलं. गाडी सुरू झाली. तिने हॉर्न दाबायला लावला. तो वाजला नाही.

स्वामी फडकं छातीशी धरून आपल्या जीपकडे निघाले होते. आधीच्या गाडीच्या मालकाने ते हिसकावलं. लिंबाबरोबर आगपेटीपेक्षा लहान, काळा चौकोनी रिले खाली पडला. लोकांनी घेरल्यावर रक्षितने सगळं ओकलं: तो रिले काढून स्वामींना द्यायचा, स्वामी फडक्याआड तो परत बसवायचे. मी पोलिसांना फोन केला. आणि तरीही गर्दीत दोघं-तिघं म्हणत होते, की स्वामी जवळ होते म्हणून सुरू झाली.

हर्षने बायकोसाठी पुढचं दार उघडलं. ती बसली नाही.

"मी माहेरी जातेच," ती म्हणाली. "तू धाडतोस म्हणून नाही. तिथे माझ्या बाळाला कुणी असं बोलणार नाही म्हणून."

विद्याश्री रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

हे वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. दुरुस्तीनंतर गाडी सुरू होत नसेल, तर झाकण उघडा आणि काय सुटलंय ते बघा. बिघाडाचं कारण गाडीतच असतं. ते घरातल्या बाईत शोधायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.