हॉलमधली लाल दोरी

चाकणच्या ज्या कारखान्यात निरंजन सुपरवायझर होता, तिथं गाड्यांचे आरसे बनत आणि लाइनवर एक लाल दोरी लटकत असे. काही बिघडलं की कुणीही ती ओढायची. दिवा लागतो, लाइन थांबते, सुपरवायझर धावत येतो आणि ओढणाऱ्याला आधी 'थँक्यू' म्हणतो. मग पाच वेळा 'का?' विचारून मूळ कारण शोधायचं. ते सापडून मिटेपर्यंत लाइन सुरू होत नाही, साहेबाच्या साहेबानं सांगितलं तरी.

एका रविवारी पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, की नवऱ्याला आणि बापाला मिळालेला वेळ देवाचा आहे, आपण नुसते कारभारी. बाकीची मंडळी 'आमेन' म्हणून जेवायला गेली. निरंजन भोसरीला जाऊन नऊ मीटर लाल दोरी घेऊन आला.

मोशीच्या घरात ती हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत गेली. टोकाला नाताळच्या चांदणीतला दिवा. भिंतीवर लॅमिनेट केलेले नियम.

"ह्याच्यावर वाळत काय घालायचं?" त्याच्या बायकोनं, विजयश्रीनं, विचारलं.

"काही नाही. वेळ वाया जायला लागला की ओढायची."

"दोन टॉवेल सहज बसले असते."

पहिल्या आठवड्यात दोरी एकतीस वेळा ओढली गेली. त्यातली अठ्ठावीस सहा वर्षांच्या हर्षालीनं, एकदा तर भेंडीची भाजी होती म्हणून. निरंजन दरवेळी धावत आला आणि थँक्यू म्हणाला. भेंडीचं मूळ कारण शोधायला वीस मिनिटं लागली. पण त्याचा फोन प्रार्थनेच्या वेळी कपाटात जायला लागला, आणि रात्रीची भांडी तोच घासायला लागला, कारण विजयश्रीनं एकदा सिंकपाशी उभं राहून शांतपणे दोरी ओढली होती. भांडी घासता घासता तो हर्षालीचं स्तोत्र ऐकायचा. चौदा ओळी. ती चर्चमध्ये पहिल्यांदाच एकटीनं म्हणणार होती आणि पप्पा पहिल्या बाकावर बसणार होता, हे महिनाभर ठरलेलं होतं.

स्तोत्राच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजर अर्जुनरावांचा फोन आला. उद्या बाहेरचे पाहुणे येणार, वेळेच्या बचतीवर निरंजननंच बोलायचं, चांगलं बोलला तर वर्षाच्या उत्तम सुपरवायझरची ढाल त्याचीच. निरंजन 'हो सर' म्हणून बसला.

रविवारी सकाळी तो बूट घालत होता. कंपनीची बस चौकात यायला नऊ मिनिटं होती. लाल दिवा लागला.

पांढऱ्या फ्रॉकमधली हर्षाली दोरीला लोंबकळत होती.

"थँक्यू," निरंजन सवयीनं म्हणाला. "काय झालं?"

"तू चाललास. का?"

"कंपनीत काम आहे."

"का?"

"पाहुण्यांना वेळ कसा वाचवायचा ते सांगायचंय."

"का वाचवायचा?"

"लवकर घरी येता यावं म्हणून."

"का?"

"तुझ्याजवळ बसता यावं..." निरंजनच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली.

हर्षालीनं चार बोटं मोजली. एक शिल्लक होतं. "मग का जातोस?"

"सापडलं मूळ कारण," स्वयंपाकघरातून विजयश्री म्हणाली. "बूट काढा."

निरंजननं फोन लावला. "सर, लाइन थांबलीय."

"आरं, अजून सुरू बी न्हाई झाली! कंची?"

"घरची, सर. मुलीनं दोरी ओढली."

कंपनीत ती दोरी अर्जुनरावांनीच बसवून घेतली होती.

"कारण गावलं?"

"मीच, सर."

"मग लाइन सुरू केल्याबिगर यायचं न्हाई. पाहुण्यांचं मी बघतो. पर ढाल जाईल राव दुसऱ्याला."

"जाऊ दे, सर."

चर्चमध्ये हर्षाली आठ ओळी खणखणीत म्हणाली आणि नवव्या ओळीवर अडकली. पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला. सगळे वाट बघत राहिले. हर्षालीनं हात वर केला आणि तिथं नसलेली दोरी ओढली.

निरंजन उठला आणि भर उपासनेत धावत पुढं गेला.

"थँक्यू," तो म्हणाला, आणि नवव्या ओळीचा पहिला शब्द तिच्या कानात सांगितला. पुढच्या सहा ओळी तिनं एका दमात म्हटल्या.

मागच्या बाकावरच्या, चर्चला नव्यानंच येऊ लागलेल्या शालनबाईंनी विजयश्रीच्या खांद्याला हात लावला. "कोण गं हे, असं धावणारे? आणि ती मुलगी?"

विजयश्री ताठ बसली.

"आमचेच," ती म्हणाली. "दोघंही."