टॉफीकाकूंची चिमूट

टॉफीकाकूंच्या तोंडाची चव गेली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती. एक त्या स्वतः, दुसरे त्यांचे यजमान. साधा ताप आला होता, आठ दिवसांत उतरला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. दुसरी कोणी असती तर शेगडी बंद करून बसली असती. पण काकूंचं नाव इतकं झालेलं, की बंद करणार कशी? तशी टॉफी सोपी. साखर तांबूस होईपर्यंत तापवायची, त्यात लोणी, मलई आणि अगदी शेवटी मीठ. सगळी गंमत त्या मिठात. कमी पडलं तर नुसतं गोडमिट्ट, जास्त पडलं तर थू.

तेव्हा घड्याळकाका पुढे सरसावले. काकूंच्या यजमानांना सगळे घड्याळकाका म्हणत, कारण चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. मग लोक फोनमध्ये वेळ बघायला लागले आणि दुकानाला टाळं लागलं. तेव्हापासून काका घरात बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचत. बायकोची चव गेली याचं त्यांना वाईट वाटलं असेल, असं तुम्ही म्हणाल. वाटलं ना! चांगलं दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला काम मिळालंय.

कामाची रीत दोघांनी मिळून ठरवली. शेगडीजवळच्या टेबलाशी काकांनी गार बशी घेऊन बसायचं. काकूंनी एक चिमूट मीठ टाकायचं, ढवळायचं, एक थेंब बशीत टाकायचा. काकांनी चाखायचं. अजून हवं असेल तर बोटाने टेबलावर एकदा ठोकायचं, पुरे असेल तर तळहात सपाट ठेवायचा. बोलायचं नाही, कारण टॉफी विकायच्या खिडकीत गिऱ्हाईक उभं असायचं. किती वेळा ठोकलं हे काकू मोजत नसत. पातेल्यातला रंग बघायचा, हात थांबवायचा नाही, त्यात मोजत कोण बसतंय? ठोकलं की टाकायचं, एवढंच. तीन वर्षं एकही घाणा बिघडला नाही. लोक काकूंच्या हाताची वाहवा करत आणि काका वर्तमानपत्राआड मिशीत हसत.

अशात एक दिवस एका कंपनीतली इंजिनिअर मुलगी दारात आली. हिची कंपनी खाण्यापिण्याची यंत्रं बनवायची, आणि यंत्रं तरी कसली एकेक! घाईघाईने जेवलं की किरकिरणारा चमचा. आपला फोटो दाखवला की तो बिस्किटावर छापून देणारी पेटी. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेवताना किरकिर करायला आमच्या घरी माणूस आहे, चमचा कशाला?" मुलगी खळखळून हसली. मग मुद्द्यावर आली. कंपनीला एक टॉफी करायची होती, पण मशीनची वाटणार नाही अशी. काकूंचा हात जसाच्या तसा मशीनला शिकवायचा होता. डब्यावर काकूंचा फोटो येणार होता.

"हात कसा शिकवणार गं?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही फक्त रोजच्यासारखं करा, काकू. बाकी आम्ही बघतो."

पातेल्याखाली एक पातळ वजनकाटा बसला, कडेला तापमापक लागला, तारा भिंतीवरून एका डबीत गेल्या. सहा आठवडे प्रत्येक घाणा त्या डबीत नोंदला जाणार होता. काकू तर हरखून गेल्या. आरशासमोर उभं राहून फोटोसाठी केस कसे बांधायचे ते बघत होत्या. इतक्या वर्षांत काकांनी त्यांना असं बघितलं नव्हतं.

आणि दुसऱ्याच आठवड्यात काकांची हिरडी सुजली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण तोंडात सगळं पुठ्ठ्यासारखं लागायला लागलं. गोळ्या संपल्या की येईल परत, असं ते मनाशी म्हणाले. गोळ्या संपल्या. एका सकाळी शेजारची शिवणवाली चहाला आली होती. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "काकू, साखर विसरलात वाटतं!" काकांचा कप तोवर रिकामा झाला होता. त्यांना दरदरून घाम फुटला.

सांगून टाकायचं होतं. तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं तर शेगडी बंद, फोटो बंद, आणि आपण पुन्हा वर्तमानपत्रात. बायकोच्या फोटोची काळजी त्यांना होतीच, खोटं कशाला बोला? पण त्याहून जास्त त्यांना त्या टेबलापाशी बसायचं होतं.

म्हणून ते अंदाजाने ठोकायला लागले. पूर्वी दोनदा ठोकत, कधी तीनदा. तेवढंच ठोकलं असतं तरी निभावलं असतं, पण इथेच माती खाल्ली. जिभेला काहीतरी लागेल या आशेने ते थांबत, लागत नसे, म्हणून पुन्हा ठोकत. पाचव्या-सहाव्या वेळी जिभेच्या टोकाला कसलीशी पुसट चुरचुर व्हायची. तिला ते चव समजले. आली बाई एकदाची! मग तळहात सपाट. खिडकीतली गिऱ्हाइकं टॉफी घेऊन जात आणि काही बोलत नसत. इतक्या वर्षांच्या ओळखीत तोंडावर कोण बोलणार?

सहा आठवडे संपले. कंपनीने दोघांना गाडी पाठवून बोलावलं. पांढरी खोली, लांब टेबल, कागदी पेल्यांत पाणी, आणि चव बघायला चार माणसं. मशीनने केलेली टॉफी मांडून ठेवलेली. चौघांनी तोंडात टाकली आणि चौघांचे हात एकदम पाण्याकडे गेले. एकाने तर रुमालात काढून ठेवली.

इंजिनिअर मुलीचा चेहरा पडला. तिने पडद्यावर एक रेघ दाखवली. ती डावीकडे सरळ होती, मग चढत चढत गेली होती. "मशीनचं काही चुकलं नाहीये, काकू. तुम्ही शेवटी शेवटी जेवढं मीठ घातलंत, तेवढंच त्याने घातलंय. पहिल्या आठवड्याच्या जवळजवळ दुप्पट. असं का झालं असेल?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस सोबतच्याकडे बघतं, तसं त्या बघत होत्या. काकांच्या तोंडापर्यंत आलं होतं. सगळ्यांचे डोळे समोर, ती रेघ पडद्यावर, आणि त्यांनी तोंड उघडलं.

"हिचा हात जड झालाय हल्ली," ते म्हणाले. "बोटं आखडतात. चिमूट मोठी पडते. मी बघत होतो, पण म्हटलं, कशाला दुखवा."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. मेलेल्या जिभेलाही नसतं.

काकूंनी आपली बोटं उघडून पाहिली. सांधे सुजलेले होतेच. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कळलंच नाही हो." मुलीने घाईघाईने सावरून घेतलं. पहिल्या आठवड्याची नोंद वापरू, ती उत्तम आहे, फोटो तोच राहील, काळजी करू नका. परतीच्या वाटेवर काकू गाडीत हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी बंद केली. विचारायला येणाऱ्यांना त्या स्वतःच सांगायच्या, "हात गेला हो माझा." ते वाक्य काका आतल्या खोलीतून ऐकायचे. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज जेवायच्या वेळेपर्यंत धीर सुटायचा. ज्या टेबलासाठी एवढं केलं, त्यावर आता वाळलेले कपडे घड्या घालून ठेवलेले असत. तेलही गेलं, तूपही गेलं.

दोन महिन्यांनी कंपनीचा डबा आला. झाकणावर काकू हसत होत्या. काकूंनी तो बराच वेळ हातात धरला, मग आतून दोन बश्या घेऊन आल्या. एकीत कंपनीची टॉफी, दुसरीत त्यांच्या शेवटच्या घाण्यातली, बरणीत जपून ठेवलेली.

"अहो, जरा सांगा ना," त्या म्हणाल्या. "मशीनला काय जमलं जे मला जमलं नाही? मला चव कळत नाही, निदान ऐकू तरी द्या."

तुकडे दोन्हींकडे सारख्याच आकाराचे. काकांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला. पुठ्ठा आणि पुठ्ठा. पण बायको समोर एवढ्या आशेने उभी होती, की त्यांना वाटलं, आज तरी हिला बरं वाटेल असं बोलावं. डाव्या बशीवर बोट ठेवून ते ठसक्यात म्हणाले, "ही मशीनची. खारट ढोण! आणि ही तुझी. काय सांगू, याला म्हणतात हात."

काकू हलल्या नाहीत. "डावीकडची माझी आहे," त्या म्हणाल्या.

"हो का? मग माझा गोंधळ..."

"खारट कुठली लागली तुम्हाला?"

काकांचं बोट एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. काकूंनी फोन उचलला आणि इंजिनिअर मुलीला लावला. ऐकायला त्या थोड्या कमी, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असायचा, काकांनाही सगळं ऐकू येत होतं. "बाळ, तुमच्या त्या डबीत माझ्या एकेका चिमटीचं वजन आहे का गं?"

"आहे की. थांबा, बघते." थोडा वेळ कळा दाबल्याची टकटक ऐकू आली. "काकू, चिमटी सगळ्या सारख्याच आहेत. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. आमच्या मशीनलाही इतकं सारखं जमत नाही. फक्त चिमटींची संख्या वाढलीये. अय्या, हे तेव्हा बघायला हवं होतं मी! सॉरी हं, काकू."

"तुझं काही चुकलं नाही," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"कधीपासून?" त्यांनी काकांना विचारलं.

"हिरडीच्या गोळ्यांपासून," काका म्हणाले.

"माझी चव गेली तेव्हा मी पहिलं तुम्हाला सांगितलं. रडले होते तुमच्यापाशी." त्यांचा आवाज चढला नाही, हेच काकांना सोसवेना. "तुमची गेली म्हणून मी काय तुम्हाला घराबाहेर काढणार होते? चार लोकांत माझा हात मोडलात तुम्ही. आणि मी दोन महिने गरम पाण्यात बोटं बुडवून बसतेय."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "भीती वाटली गं."

काकूंनी टेबलावरचे कपडे उचलून खाटेवर टाकले आणि पातेलं खाली काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडी पेटली. काका अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. टेबलापाशी शेजारची शिवणवाली बसली होती, हातात गार बशी. काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं, ताप, चव, सगळं, आणि खिडकीही सताड उघडी होती. "अजून एक टाका, काकू," शिवणवाली मोठ्याने म्हणाली. काकूंनी टाकली.

काका दारातच उभे राहिले. दुसरी खुर्ची ओढून घ्यावी म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" काकू पातेल्यातून नजर न काढता म्हणाल्या. "इथे आम्हाला काम आहे."