तेरा नावं खोडलेली

मला आधी हूगोचाच संशय आला. मधमाश्या पाळणारा हा म्हातारा माझ्या दुकानगाडीपाशी येऊन म्हणाला, "खासदारबाई, एक राय धान्याचा काळा पाव द्या. आणि ते पेनही दाखवा, फार धारदार दिसतंय."

"पाव घे आणि चालता हो!" मी पाव त्याच्या हातात कोंबला. पाठीमागच्या बायका खुदकन हसल्या. जळो मेली ती खासदारकी!

आमच्याकडे एका पक्षाची यादी उचलायची, आवडत्या नावापुढे अधिकची खूण करायची, नावडतं खोडायचं; खोडलं की त्याचं एक मत कमी. विद्झेमे मतदारसंघातून आमच्या यादीला एकच जागा मिळाली. ती खरी औस्माची होती. गावची नर्स, माझी शाळेपासूनची मैत्रीण. पक्षासाठी वीस वर्षं तिने चपला झिजवल्या. मी, लिगिता, यादीत शेवटची, चौदावी. नुसती यादी भरायला घेतलेली. पण पंचवीस वर्षं वाड्यावस्त्यांवर पीठ-साखर पोचवते, लोकांनी मायेने माझ्यापुढे खुणा केल्या आणि मी निवडून आले. एका मताने! बरोबरी झाली असती तरी यादीत वर असलेली औस्माच रीगाला संसदेत गेली असती.

आणि आमच्या गावच्या केंद्राचे आकडे बघावेत तर तेरा जणांच्या नावावर एकेक काट. माझ्या नावावर शून्य. म्हणजे एकाच कुणाचं तरी काम.

औस्माने तो कागद माझ्यासमोर धरला आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती माझ्या आईला इंजेक्शन द्यायला यायची, पण माझ्याकडे न बघता. मी मात्र प्रत्येकाकडे बघत होते. पोस्टातली बाई गोड बोलली की वाटायचं, हीच ती. नवऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मी दुसऱ्याच पक्षाला मत दिलं." घ्या, हा आणखी एक दगाबाज!

शनिवारी आई सफरचंदं सोलत होती. मी सहज म्हटलं, "मतपेटी घेऊन माणसं घरी आली तेव्हा त्रास नाही ना झाला?"

"हात दुखला गं," आई म्हणाली. "पूर्वी एकाच पक्षाचं राज्य होतं तेव्हा कागदावर छापलेलंच असायचं, हवं ते नाव ठेवा, बाकीची खोडा. पण तेव्हा मेलं नाव एकच, खोडणार कुणाला? या वेळी तेरा होती! पट्टी लावून खोडली. तुझं तेवढं ठेवलं."

मी विचारलं, "औस्माचंही खोडलंस?"

"तिच्यासाठी वेगळा कागद असेल की! ती पोर निवडून आली ना? मी रोज प्रार्थना करते तिच्यासाठी."

मी "आली" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? औस्मा म्हणजे तिची दुसरी लेक. खरं कळलं असतं तर म्हातारीने अन्न सोडलं असतं.

सोमवारी औस्मा आली. मी तिला अंगणातच अडवलं. "मी जागा सोडतेय. अर्ज पाठवला. आता रीगाला तू जा."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "कशाला सोडतेस? मला फक्त एवढं सांग, कुणी केलं?"

खिडकी उघडी होती. आत आई भांडी लावत गुणगुणत होती. औस्माला सांगितलं तर ती रागावणार नाही, हसेलही, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. आज ना उद्या आईसमोर निघणारच.

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच होतं मला," औस्मा म्हणाली. तिचे डोळे भरले. "चाळीस वर्षं, लिगिता. अगं, मागितली असतीस तर दिली असती."

मग तिने डोळे पुसले, पिशवी उचलली आणि आत गेली. आतून आईचा आवाज आला, "आलीस होय खासदारबाई! बस, तुझ्यासाठी केक केलाय." आणि औस्मा नेहमीसारखी हसली.