समजा, दोनचं वर्गमूळ…

मी दहावीच्या वर्गातला फळा. माझा आवाज असा कुणी ऐकलेला नाही. सगळ्यांना ठाऊक आहे ती माझ्यावरची खडूची करकर.

जाड लाकडावर काळा रंग चढवून मला भिंतीवर टांगलं, तेव्हा गणिताच्या बाई शाळेत नवीनच होत्या. मुलं त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘मूळबाई’ म्हणत. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे हे शिकवताना त्यांची तहानभूक हरपायची.

“समजा, ते अपूर्णांकात मांडता आलं,” त्या म्हणत. “अंश आणि छेद, दोघांनाही भाग जाईल असं काही उरलेलं नाही. आता बघा गंमत!”

बरीच वर्षं लोटल्यावर एकदा मागच्या बाकावरची भांडखोर मुलगी उठली. “बाई, खोटं आहे हे माहीत असताना मानायचं कशाला?”

“अगं, खोट्याला अडवू नये. चालू द्यावं. ते आपसूक तोंडघशी पडतं.”

त्याच वर्षी, उजळणीच्या तासाला, बाईंनी ‘अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम’ इथवर लिहिलं आणि हात थांबला. खडू माझ्यावर टेकलेलाच. झोपेतून उठवलं तरी सांगतील अशी पुढची पायरी, पण ती सापडेना. कुणीतरी फिसकन हसलं.

भांडखोर मुलगी ताडकन उभी राहिली. “बाई, आम्ही सांगावं म्हणून थांबलात ना? अंश सम, म्हणजे तो कशाची तरी दुप्पट. तसं मांडलं की छेदही सम निघतो. दोघांना दोनने भाग गेला!”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“म्हणजे आपण मानलं तेच चुकलं, बाई.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला स्वच्छ पुसलं आणि तोच धडा पहिल्यापासून सुरू केला. ‘काल झालं’ असं कुणीच म्हणालं नाही. सगळे नवं पान उघडून लिहू लागले.

मुख्याध्यापिका दारातून बघत होत्या. दुपारी त्यांनी बाईंच्या लेकीला बोलावून घेतलं. ती वर्गात आली, तशा बाई अदबीने उठल्या.

“बसा ना. तुम्ही कुणाच्या पालक?”

“मी तुझीच गं, आई,” लेक म्हणाली आणि तिने आईच्या हातावरची खडूची भुकटी पदराने पुसली.

बाई पुन्हा आल्या नाहीत. माझ्या जागी पांढरा, गुळगुळीत फळा आला. मी अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. परवा सुतार माप घेऊन गेला. माझं कपाट होणार म्हणे. होऊ दे. पण रंधा फिरण्याआधी कुणीतरी माझं तोंड उजेडाकडे वळवा, आणि दोन ओळी लिहा. चुकल्या तरी चालतील.