भिंतीला बांधलेलं झाड

टिली मेली तेव्हा रेइनो तळघरात धुतलेल्या चादरी वाळवायच्या यंत्रात कोंबत होता. वर धाडकन काहीतरी कोसळलं. धापा टाकत तो जिना चढून आला, तर बैठकीतलं मांजरांचं झाड, त्यांना चढायला-बसायला केलेला फळ्यांचा खांब, आडवं पडलेलं. ओटो, त्यांचा धिप्पाड बोका, खिडकीतली खार बघून वरच्या फळीवर झेपावला होता आणि झाड त्याच्यासकट खाली आलं होतं. बुडाशी ऊन खात निजलेली म्हातारी मांजर टिली त्याखाली सापडली होती.

"रेइनो, काय पडलं?" शेजारच्या खोलीतून त्याच्या बायकोनं, एल्मानं विचारलं.

त्यानं आधी झाड उचलून बाजूला केलं.

ते झाड त्यानंच आणलं होतं. एकच खांब, तोही आतून पुठ्ठ्याचा, आणि खाली ताटाएवढा पाट. डुगडुगायला लागलं तेव्हा त्यानं पाटाखाली कागदाची घडी सरकवली आणि विषय संपवला.

एल्माचा कर्करोग हाडांत उतरला होता. इस्पितळानं तिला घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. उघड्या दारातून तिला झाडाचा शेंडा दिसायचा आणि शेंड्यावरची मांजरं. आता तिथं नुसती खिडकी होती. ओटो सोफ्याखाली जाऊन बसला, तो जेवण्यापुरताच बाहेर यायचा.

"दुसरं झाड आण," एल्मा म्हणाली.

"आता कशाला?"

"मी गेल्यावर हा जन्मभर सोफ्याखालीच राहणार? आणि तूसुद्धा बसशील त्याच्या शेजारी."

मुलगी कारीना त्याच्याबरोबर दुकानात आली. "बाबा, हे बघा ना, वर छोटंसं घरसुद्धा आहे."

रेइनोनं वरच्या फळीला तळहातानं रेटा दिला. झाड झुललं.

"सगळीच थोडीफार हलतात हो."

"टिलीला विचार," तो म्हणाला. कारीनानं झाडावरचा हात काढला. त्यालाही आपलं बोलणं लागलं, पण तो पुढच्या झाडाकडे वळला. प्रत्येकाला रेटा देत, वाकून बूड बघत फिरला. शेवटी कोपऱ्यात त्याला हवं ते सापडलं. तीन जाड लाकडी खांब, शेंड्याहून रुंद पाट, फळ्या इतक्या जवळजवळ की घाबरलेलं जनावरही पायरीपायरीनं चढेल.

"किती कुरूप आहे," कारीना म्हणाली.

"असू दे."

घरी एल्मानं उशीला टेकून सगळं जोडून घेतलं. "भिंतीला बांध," ती म्हणाली. त्यानं भिंत ठोकून ठोकून आतला लाकडी वासा शोधला, लोखंडी पट्टी स्क्रूनं आवळली आणि सगळ्या वजनानिशी झाडाला लोंबकळला. झाड हललं नाही.

"आता तूच चढ," एल्मा म्हणाली. हसताना तिला इतकं दुखलं की तिनं चादर दातात धरली.

ओटो काही चढेना. खालच्या फळीवर मासा ठेवला, तो उचलून पुन्हा सोफ्याखाली गेला. एल्माचं दुखण्यावरचं औषध वाढलं, जागेपण कमी झालं. डोळे उघडले की विचारायची, "चढला?"

"उद्या चढेल."

एका दुपारी बाहेर बर्फ पडत होता. ओटो सोफ्याखालून निघाला, बराच वेळ खांब हुंगत राहिला. मग पहिली फळी, दुसरी, आणि थेट शेंडा. झाड जागचं हललं नाही. रेइनो एल्माच्या खोलीत गेला. रात्रभर ती विव्हळली होती. आता कुठं कपाळावरची आठी गेली होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. झोपू दे, बोका कुठं जातोय.

संध्याकाळी तिचा श्वास बदलला. कारीना येऊन पोचली तोवर एल्मानं डोळे उघडले नव्हते, आणि नंतरही उघडले नाहीत.

दफनानंतर कारीना घर आवरायला आली. शेंड्यावर पाय पोटाशी घेऊन निजलेला ओटो तिला दिसला.

"हा कधीपासून चढायला लागला?"

"त्याच दुपारी."

"आईनं पाहिलं?"

"झोपली होती. मी उठवलं नाही."

"उठवायला हवं होतंत, बाबा."

"हो," रेइनो म्हणाला.

आईची गादी गुंडाळायला कारीनानं एक टोक धरलं, दुसरं त्यानं धरलं.